राक्षसाशेजारी बसलेला माणूस

पिंपळे गुरवमध्ये महापालिकेचं राजमाता जिजाऊ उद्यान आहे. रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो जरा विचारात पडतो. 'डायनासोर गार्डन' म्हटलं की लगेच भाडं सांगतो. बागेत डायनासोरचे मोठमोठे पुतळे उभे आहेत. रविवारी संध्याकाळी पोरं त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेतात. कुठला मांसाहारी, कुठला झाडपाला खाणारा, हे चार वर्षांचं मूलही आजोबांना ऐकवतं. ही सगळी विद्या पडद्यावरून आलेली. 'ज्युरासिक पार्क' १९९३ साली आला आणि पुढच्याच वर्षी हिंदी बोलत भारतभर फिरला. त्या सिनेमात डायनासोर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्या भांडवलावर तीस वर्षं बागा, दप्तरं आणि वाढदिवसाचे केक चालले आहेत.

बागेला ज्यांचं नाव आहे त्या जिजाऊंनी आपल्या मुलाला रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगितल्या, हे मराठी मूल चौथीपर्यंत शिकतं. या गोष्टीही काही शांततेच्या नव्हत्या. त्याच वयात त्याला प्रतापगडचा प्रसंग कळतो, वाघनखं म्हणजे काय ते कळतं, आणि दिवाळीत अंगणातल्या किल्ल्यावर मातीचे मावळे कुठल्या बुरुजावर ठेवायचे यावरून भावंडांत मारामारी होते. तेव्हा 'आमच्या वेळी मुलांपुढे हिंसा नव्हती' हे वाक्य महाराष्ट्रात तरी खपायला नको. हिंसा होती आणि चित्रांतूनही होती. बदललेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती शोधायला बरंच मागे जावं लागतं.

त्याआधी याच भागातल्या दुसऱ्या एका इमारतीकडे बघायला हवं. पिंपळे गुरवच्या नाट्यगृहाला निळू फुले यांचं नाव आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिलेला हा माणूस. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून पडद्यावर आला आणि बघता बघता मराठी सिनेमातला सर्वांत घाण पाटील, सर्वांत बेरकी सरपंच, सर्वांत निर्ढावलेला पुढारी होऊन बसला. 'सामना'तला साखरसम्राट हिंदूराव लोकांनी इतका खरा मानला की खेड्यापाड्यातल्या बाया प्रत्यक्ष निळूभाऊंना पाहून आडोशाला जात, शिव्याशाप देत, असे किस्से आजही सांगितले जातात. पडदा आणि जग यांची गल्लत करणारी ही माणसं लहान मुलं नव्हती. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली, तिथेही रस्त्यावर उतरलेले सगळे चौथी पास होऊन बराच काळ लोटलेले होते. मुलांवर चित्रांचा परिणाम होतो म्हणून चिंता करणाऱ्या समाजाने ही आपली बाजूही लक्षात ठेवलेली बरी.

आता मागे जाऊ. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथल्या ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा टिकवली. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. चित्रकथीचा खेळ म्हणजे रंगवलेल्या कागदांची एक पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र उभं धरतो, वाद्यांच्या साथीने त्यातला प्रसंग गातो, बोलतो, मग पुढचं चित्र. या चित्रांत राक्षसांचे डोळे बटबटीत असतात, बाण छातीतून आरपार जातात, मुंडकी उडतात. पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी अशीच चित्रं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही बघायला मिळतात. देवळात नवरात्रातल्या रात्री पोरं पुढे बसून हे सगळं टक लावून बघत. पण चित्र स्वतः काही बोलत नसे. राक्षस का मेला, त्याने काय केलं होतं, त्याच्या बायकोने कसा आकांत केला, हे सांगणारा माणूस चित्राच्या शेजारीच बसलेला असे. पोर रडायला लागलं तर तो आवाज उतरवू शकत होता. यंत्राला हे कधीच जमलेलं नाही.

यंत्र आलं तेव्हाही सांगणारा लगेच उठून गेला नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर टाकायची, काचा सरकवून त्यांत हालचाल आणायची, आणि समोर निवेदन, संवाद, गाणी. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत १८९६ मध्ये पोहोचला, म्हणजे कल्याणच्या या घराने त्याच्या चार वर्षं आधीच मराठी माणसाला अंधारात बसवून हलणारे राम-रावण दाखवले होते. पटवर्धनांची मुलंही या खेळात उतरली. सगळं घरच त्यात राबत होतं, आणि त्यात बोलणारी माणसं प्रेक्षकांसमोर हजर होती.

दादासाहेब फाळके यांच्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय, पण ते आपल्याकडच्या ॲनिमेशनचेही आद्य पुरुष आहेत हे थोडं मागेच पडतं. काड्यापेटीतल्या काड्या एकेक चित्रचौकटीगणिक हलवून त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली ती १९१५ च्या सुमारास. वाटाण्याचं रोप उगवताना दाखवणारा त्यांचा प्रयोग त्याच्याही आधीचा. मात्र या लेखाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट १९१९ चा 'कालियामर्दन'. त्यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, वय सात वर्षांच्या आसपास. सिनेमाचा जो भाग वाचला आहे त्याची सुरुवात बघण्यासारखी आहे. कथा सुरू होण्याआधी ही मुलगी साध्या रूपात पडद्यावर येते आणि एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. मग तिचा चेहरा विरघळत जातो आणि तिथे मुकुट घातलेला कृष्ण उभा राहतो. त्यानंतर डोहातली झुंज. नागाच्या फण्यावर नाचणारा हा देव म्हणजे आपल्यासारखंच एक पोर आहे, ते नाटक करतंय, हे फाळक्यांनी प्रेक्षकांना आधीच दाखवून ठेवलं. त्यांचा हेतू लेकीचं अभिनयकौशल्य मिरवण्याचा असेल, बापच तो. तरी झालं काय, तर मुलांसाठी यापेक्षा चांगली सूचनापाटी पुढच्या शंभर वर्षांत कुणी तयार केलेली दिसत नाही.

मूकपट गेले, बोलपट आले, आणि सांगणाऱ्या माणसाची गरज संपली. 'प्रभात' कोल्हापूरहून पुण्याला आली आणि १९३४ मध्ये 'अमृतमंथन' आला. बळी देण्याच्या प्रथेवरचा हा चित्रपट. त्यातल्या राजगुरूचा, चंद्रमोहन यांचा, पडदाभर झालेला डोळा बघून मोठी माणसंही दचकली. गंमत अशी की त्याच 'प्रभात'ने त्याच वर्षी रघुनाथ केळकरांकडून 'जंबूकाका' हा छोटा व्यंगचित्रपट करून घेतला. एकाच छपराखाली एकीकडे लोकांच्या छातीत धडकी भरवणारा डोळा, दुसरीकडे मुलांना हसवणारी चित्रं. पुढे ही व्यंगचित्रांची वाट 'प्रभात'ने धरली नाही. खर्च, वेळ, हाताशी माणसं नाहीत, नेहमीची कारणं.

पिंपळे गुरव तेव्हा पवनेकाठचं, हवेली तालुक्यातलं गाव. अशा गावांना सिनेमा भेटायचा तो जत्रेत. ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा, माळावर तंबू ठोकला जायचा, खाली जमिनीवर बैठक, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. पोरं कनातीखालून घुसायची आणि मिळेल त्या मांडीवर बसायची. देमार चित्रपटात खलनायकाला ठोसा बसला की सगळा तंबू ओरडायचा. मधेच रीळ तुटायचं, दिवे लागायचे, आणि तेवढ्यात कुणीतरी मामा 'आता बघ, तो पुलावर गाठणार' म्हणून पुढची गोष्ट सांगून टाकायचा. या मामाचा तेव्हा सगळ्यांना वैताग येत असे. 

दिल्लीला मात्र मुलांची काळजी वाटू लागली होती. अमेरिकेत फ्रेडरिक वर्दॅम या मानसोपचारतज्ज्ञाने १९५४ मध्ये कॉमिक्सवर पुस्तक लिहून रान उठवलं. त्याचे पडसाद इथेही उमटले आणि १९५६ मध्ये तरुण मुलांच्या हाती पडणाऱ्या हानिकारक प्रकाशनांविरुद्ध केंद्राने कायदा केला. गुन्हे, क्रौर्य, किळसवाणी दृश्यं यांच्या चित्रकथा विकणं त्याने शिक्षापात्र ठरलं. कायदा आजही पुस्तकात आहे. पुढच्या दशकात टाइम्स समूहाचे इंद्रजाल कॉमिक्स आले आणि मराठी पोरांनी कवटीच्या अंगठीचा ठसा गुंडांच्या जबड्यावर उमटवणारा वेताळ डोक्यावर घेतला. कायद्याने त्याच्याकडे कानाडोळा केला, आणि ते योग्यच झालं.

त्याच १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगचित्रपट विभाग उभा राहिला. शिकवायला क्लेअर वीक्स आले. भारतात मिशनरी कुटुंबात जन्मलेले, डिस्नेच्या स्टुडिओत 'बॅम्बी'वर काम केलेले. आईला शिकाऱ्याची गोळी लागते त्या प्रसंगाने जगभरची मुलं ज्या सिनेमात रडली, तो हा 'बॅम्बी'. मुंबईत त्यांच्या देखरेखीखाली १९५७ मध्ये जी फिल्म झाली तिचं नाव 'द बनियन डिअर': अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वळणाने काढलेली जातककथा, ज्यात हरणांचा राजा दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव देऊ करतो आणि माणसांचा राजा शिकार थांबवतो. इथेही हरीण, इथेही शिकारी, पण गोळी सुटतच नाही. नव्या सरकारला ॲनिमेशनकडून काय हवं होतं ते यात स्वच्छ दिसतं: करमणूक चालेल, पण बोध हवा.

या विचारातून पुष्कळ कंटाळवाण्या फिल्म्सही निघाल्या, हे मान्य करायला हवं. पण १९७४ मध्ये विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केली आणि बोधपटालाही जीव असू शकतो हे दाखवलं. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरं जाळ्यासकट उडतात, उंदीर ते कुरतडून त्यांना सोडवतात. पंचतंत्रातली ओळखीची गोष्ट. मुळे यांनी ती थेट दाखवली नाही. बागेतल्या मुलांना त्यांची ताई ती सांगते. म्हणजे चित्रकथीतला सांगणारा इथे व्यंगचित्राच्या आत येऊन बसला. दूरदर्शनवर ही फिल्म इतक्या वेळा लागली की आज पन्नाशीत असलेल्यांना ती पाठ आहे.

पुण्याला दूरदर्शन दिसू लागलं १९७३ पासून, सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून. संच आळीत एखादाच; बाकीची आळी त्या घरात. १९८७ मध्ये 'रामायण' आणि त्याच्या पाठोपाठ 'महाभारत' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे आता दंतकथेसारखं सांगितलं जातं. दंतकथेत न येणारी बाजू म्हणजे झाडूच्या काड्यांचे बाण. गल्लीगल्लीत पोरं एकमेकांवर ब्रह्मास्त्रं सोडू लागली. धनुष्यबाणाने डोळ्याला होणारी इजा नेत्रतज्ज्ञांना, विशेषतः उत्तरेत रामलीला-दसऱ्याच्या दिवसांत, आधीपासूनच माहीत होती. आता तिला वर्षभराचा हंगाम मिळाला. तरी 'रामायण बंद करा' असं कुणी म्हणालं नाही. म्हणणार कोण?

'शक्तिमान'च्या वाट्याला ही सवलत आली नाही. १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झालेल्या या मालिकेतला गोल गोल फिरणारा नायक आपल्याला वाचवेल म्हणून मुलांनी गच्चीवरून उड्या मारल्या, स्वतःला पेटवून घेतलं, अशा बातम्या येऊ लागल्या. संसदेपर्यंत चर्चा गेली. मुकेश खन्ना यांनी या बातम्यांचं खापर मालिकेवर फोडण्याला कायम विरोध केला; पण मालिकेच्या शेवटी स्वतः येऊन, मुलांशी समोरासमोर बोलून, असले प्रकार करू नका हे ते सांगत राहिले. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' हा शेवटचा भाग पुष्कळांना चेष्टेचा वाटतो. पण पडद्यावरची झटापट संपल्यावर एक मोठा माणूस मुलाशी बोलायला थांबतो, ही पिंगुळीची रीत त्यात उरली होती.

याच सुमारास जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला 'पोकेमॉन'चा एक भाग बघताना लाल-निळ्या प्रकाशाच्या झगमगाटाने ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात मारामारीचा संबंध नव्हता. डोळ्यांवर आदळलेल्या प्रकाशाचा होता. पडद्याचा परिणाम म्हणजे फक्त ठोसे आणि बंदुका, ही समजूत त्या एका संध्याकाळने खोटी ठरवली.

प्रयोगशाळेतलं उत्तर मात्र त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. स्टॅनफर्डच्या अल्बर्ट बांडुरा यांनी १९६३ च्या प्रयोगात बालवाडीतल्या ९६ मुलांचे गट केले. काहींनी मोठ्या माणसाला हवेच्या बाहुलीला बडवताना प्रत्यक्ष पाहिलं, काहींनी तेच फिल्मवर, आणि काहींनी 'कार्टून' म्हणून हर्मन नावाच्या मांजराला. हे मांजर म्हणजे मांजराचा वेष केलेली बाईच होती, मागे रंगीबेरंगी खोटी झाडं. मग मुलांना चिडवून खेळण्यांच्या खोलीत सोडलं. काहीच न पाहिलेल्यांची आक्रमक कृत्यांची सरासरी ५४, मांजर पाहिलेल्यांची ९९. बाहुली मुळात मारण्यासाठीच बनवलेली होती, असा आक्षेप घेणारे घेतात, आणि त्यात तथ्य आहे. पण बांडुरांपेक्षा कमी गाजलेला डेव्हिड हिक्स यांचा १९६८ चा प्रयोग इथे जास्त उपयोगी पडतो. मुलाबरोबर फिल्म बघताना मोठ्या माणसाने 'हे वाईट आहे' म्हटलं तर मूल नक्कल कमी करतं, हे त्यांना आढळलं. अट एकच: तो माणूस खेळतानाही खोलीत हजर हवा. तो गेला की त्याचं बोलणंही गेलं.

आणि नेमका तो माणूसच घराबाहेर पडला. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची, महापालिका १९८२ ची. पिंपरी, भोसरी, मग चाकण, कारखाने पसरत गेले आणि पवनाकाठच्या मळ्यांवर इमारती चढल्या. विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून, परप्रांतांतून कामाला आलेली जोडपी इथे दोन खोल्यांत राहू लागली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. आजी गावाला. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला आलं, पोगो २००४ च्या पहिल्या दिवशी. चोवीस तास कार्टून आणि घरात एकटं मूल, हा योग इथे जुळून आला. केबलच्या १९९४ च्या नियमांत मुलांच्या कार्यक्रमांत शिवराळ भाषा आणि उघड हिंसा नको असं लिहिलेलं आहे. 'टॉम अँड जेरी'तला हातोडा त्यात बसतो की नाही, हे ठरवायला कुणी बसलं नाही. प्रौढांचे चित्रपट टीव्हीवर सर्रास लागतात म्हणून मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांना दाद मिळाली.

पालकांचा खरा राग निघाला तो भलत्यावरच. २००८ मध्ये पोगोवर लाडू खाऊन कालियाला धोपटणारा 'छोटा भीम' आला, तो घरोघरी लाडका झाला. दुसऱ्या एका कार्टूनमधला शिनचॅन मात्र कुणाला ठोसाही मारत नव्हता. तो आईला उलट बोलायचा, चड्डी खाली करायचा. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्याचं प्रसारण थांबवलं, आणि २००९ मध्ये काटछाट होऊन तो परतला. म्हणजे मारामारी चालते, उद्धटपणा चालत नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेबद्दल हा निवाडा पुष्कळ सांगून जातो.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि पडदा मुलाच्या तळहातावर उतरला. आता जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा केला जातो, एक भाग संपायच्या आत पुढचा सुरू होतो, त्याला रीळ तुटण्याची सोय नाही. २०१७ मध्ये यूट्यूबवर ओळखीच्या कार्टून पात्रांना इंजेक्शनं टोचणारे, एकमेकांना कापणारे व्हिडिओ मुलांच्या नावावर खपवले जात होते हे उघड झालं तेव्हा बऱ्याच आईबापांना कळलं की आपलं पोर गेले कित्येक महिने काय बघत होतं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच, पाचपर्यंत दिवसाला तासभर, असं सांगितलं. सेन्सॉर बोर्डानेही कामाला हात घातला. २०१६ च्या 'द जंगल बुक'ला यूए दिल्यावर शेरखान इतका भीतिदायक आहे का यावर आठवडाभर विनोद झाले. २०२३ च्या कायदादुरुस्तीने मग यूएचेच सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन तुकडे पाडले. मात्र ही वयं पाळायची की नाही, हे पालकांनीच ठरवायचं आहे.

क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली शिकलेल्यांत राम मोहन होते. त्यांनी पुढे जपानच्या युगो साको यांच्याबरोबर 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा ॲनिमेशनपट केला. पहिल्यांदा तो फारसा चालला नाही, पण टीव्हीवर वर्षानुवर्षं लागत राहिला. २४ जानेवारी २०२५ ला तो भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा आला. कुंभकर्ण पडतो, इंद्रजित पडतो, युद्ध काही लहानसहान नाही. लहानपणी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन हा सिनेमा पाहिलेले आता आपली पोरं घेऊन मल्टिप्लेक्समध्ये गेले, आणि एकेक प्रसंग अर्धा मिनिट आधीच फोडत बसले, मागच्या रांगेतून कुणीतरी 'शूऽऽ' म्हणेपर्यंत.